पानिपतची चार घरं

"सात आडवा पाहिला काय? पुन्हा पानिपत! या बुढ्याला दुसरी लढाई येतच नाही वाटते."

"काहून येईल? रिटायर्ड मास्तर असेल इतिहासाचा. घरी कोणी ऐकत नसेल, म्हणून आपल्यावर सूड उगवून राहिला."

जबलपुरात घमापुरच्या चक्कीवर माझ्यापुढे उभ्या असलेल्या त्या दोघी इतक्या जोरात हसल्या की चक्कीवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "क्या हुआ भाभीजी?" मी मागे गव्हाचा डबा घेऊन उभी होते. बुढा म्हणजे मी. तेव्हा माझं वय सव्वीस होतं.

अनोळखी माणसांशी मला बोलता येत नाही, आणि ओळखीच्यांशीही मी जपूनच बोलते. पण त्या दिवशी आनंद इतका झाला की येताना डबा बदलला आणि मी कोणाचं तरी ज्वारीचं पीठ घरी आणलं. दोन बायका, ज्यांना मी कोण ते ठाऊक नाही, मला नावं ठेवत होत्या. म्हणजे माझी जाळी त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. भाजीला फोडणी देता देता त्यांनी सात आडवा सोडवला होता. याहून मोठा पुरस्कार आमच्या धंद्यात नाही.

धंदा म्हणजे शब्दकोडी करणं. शहरातल्या ओमतीत एका जुन्या छापखान्यातून एक मराठी पाक्षिक निघतं. ज्या घरांत मराठी उंबऱ्याच्या आत राहते आणि बाहेर पाऊल टाकताच हिंदी सुरू होते, अशा घरांत ते जातं. संपादक वझलवारकाका. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉम्प्युटरवर पानं लावायला तिथे लागले. मराठी कानाला कळायची, जिभेवर अडायची, आणि वाचताना बोट लागायचं. वर्षभरात कोडं करणारे जुने गृहस्थ मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि काका म्हणाले, "आता तूच कर."

मी म्हटलं, "काका, मला मराठी येत नाही."

"म्हणून तर! ज्याला येते तो फार कठीण शब्द टाकते. लोक चिडतात."

नाव छापायचं नाही, फक्त 'कोडेकार' लिहायचं, ही अट माझी. काकांनी ती आनंदाने मान्य केली. मुलीने केलेलं कोडं सोपं असणार असं लोकांना वाटेल, अशी त्यांना भीती होती. अशा रीतीने मी आठ वर्षं एक म्हातारा होऊन राहिले. त्या म्हाताऱ्याला दिवाळीला भेटकार्डं यायची. एकदा गुडघेदुखीवरचं तेलही आलं. ते मी काकांना दिलं.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही आधी प्रश्न लिहितो आणि मग उत्तरं मांडतो. उलट आहे. आधी उत्तरं जाळीत बसवायची, ती बसता बसत नाहीत. सगळं बसलं की मग प्रत्येक शब्दाची खूण लिहायची. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, विषय संपला. आपल्याकडे एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्या शब्दात 'नि' असेल तर त्याला छेदून जाणाऱ्या उभ्या शब्दातही 'नि'च हवी. नुसता 'न' चालत नाही. जोडाक्षर आलं की दिवस गेला. 'खर्डा' ही मराठ्यांनी जिंकलेली लढाई, ती जाळीत टाकायला मी तीन दिवस घालवले, कारण 'र्डा' असलेला दुसरा शब्द सापडेना. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना 'फर्डा' आठवला. ओल्या केसांनी छापखान्यात गेले, खर्डा आणि फर्डा एकमेकांत अडकवले, आणि काकांनी सगळ्यांसाठी खव्याची जिलबी मागवली.

आता पानिपत बघा. पा, नि, प, त. जोडाक्षर नाही, ळ नाही, ण नाही, ढ नाही. 'पा'वरून पालखी काढा, पापड काढा, पाऊस काढा. 'नि'वरून निवडुंग, निकाल, निरोप. 'प' तर कुठेही मिळतो. 'त'वरून तराफा, तगर, तपकीर. जाळी कुठे अडली की हा शब्द टाकायचा आणि चारही बाजूंनी रस्ते मोकळे. इतका दारुण पराभव आणि इतकी सोयीची अक्षरं. जिंकलेल्या लढाया जाळीत बसत नाहीत आणि हरलेली कुठेही बसते, हे कोडी करणाऱ्या माणसालाच कळतं.

माझ्या पहिल्या कोड्यात पानिपतची खूण होती: 'हरियाणातील एक शहर'. शाळेत आम्हाला तीन लढाया होत्या, तीन सनावळ्या होत्या, प्रत्येकी दोन गुण. काकांनी खूण वाचली आणि चष्मा काढला.

"बेटा, हे काय? रेल्वेचं टाइमटेबल?"

"चूक आहे का?"

"चूक नाही. म्हणूनच तर त्रास होऊन राहिला."

मग त्यांनी कपाटातून पुस्तकं काढली. कादंबऱ्या, नाटकं, बखरी, पोवाडे. मी बोट लावून वाचायला लागले. तिसऱ्या पुस्तकापर्यंत बोट सुटलं. लिहिणारा कोणीही असो, शेवट सगळ्यांना माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत, आणि तरी प्रत्येक जण अशा आशेने लिहितो की या खेपेला कदाचित रसद वेळेवर पोचेल. मीही तशीच वाचत होते. एका कादंबरीच्या नादात घरी जायची सिटी बस चुकली, पुढचीही चुकली. इंग्रजी पुस्तकातले दोन गुण मराठीत आल्यावर घरातलं माणूस गेल्यासारखे झाले होते. वर पुन्हा हाच शब्द लोक परीक्षेच्या निकालाला लावतात, करपलेल्या पुरणपोळ्यांना लावतात, सूनबाईने केलेल्या चकल्यांना लावतात. इतकं दुःख आणि त्याचा इतका बिनधास्त वापर मी इंग्रजीत पाहिला नव्हता.

आणि एक शोध तर मला इतका आवडला की मी खुर्चीत उड्याच मारल्या. ती बातमी पेशव्यांपर्यंत पोचली ती म्हणे सावकारी चिठ्ठीतून, मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. कोण गेलं ते नाव न घेता. म्हणजे पानिपतचं पहिलं कोडं माझ्याआधी अडीचशे वर्षं कोणी तरी घातलं होतं. ते सोडवणाऱ्याला मात्र बक्षीस नव्हतं.

त्यानंतर माझ्या खुणा सुधारल्या. इतक्या की मी दर दोन महिन्यांनी पानिपत टाकायला लागले. लोकही रंगात आले. एकदा खूण दिली होती: 'दारुण पराभव (४)'. कटनीच्या एका रेल्वेतल्या गृहस्थांनी चार घरांत लिहून पाठवलं, 'मा झे ल ग्न'. बाजूचे उभे शब्द बसत नव्हते, तर त्यांनी तेही नवीन तयार केले आणि त्यांचे अर्थ समासात लिहिले. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीची वेगळी प्रवेशिका आली, सगळी अचूक. खाली टीप: 'यांचं उत्तर छापल्यास हरकत नाही. पराभव कोणाचा ते मात्र विचारून घ्या.' आम्ही दोन्ही छापली. पुढच्या अंकाला त्यांनी दोघांनी मिळून एक प्रवेशिका पाठवली, त्यात दोन वेगळी हस्ताक्षरं होती आणि एका घरावरून भांडण झाल्यासारखा फाटलेला कागद.

पण मला सांगायचं आहे ते मझौलीच्या पाकिटाबद्दल.

पहिल्या वर्षी लोक अर्धी कोडी पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'बाकीचं समजून घ्यावे.' म्हणून मी एक नियम केला: एकही घर रिकामं असल्यास प्रवेशिका बाद. लाल पेनाने आडवी रेघ. हा नियम कोड्याखाली दर अंकात छापून येई. कोणाशी न बोलता कोणाला नाही म्हणता येतं, हे मला त्या लाल पेनाने शिकवलं. मला ते पेन आवडायचं, हे कबूल करते.

मझौलीहून दर पंधरवड्याला बियाणांच्या दुकानाच्या पाकिटातून प्रवेशिका यायची. खाली नाव, 'मंगला आणि अप्पा'. हिरव्या शाईतलं गोल अक्षर. कितीही आडवळणाचा शब्द टाका, यांना यायचा. 'राक्षसभुवन'ची लढाई आली. 'तसलमात', म्हणजे आगाऊ उचल, हा शब्दही आला, जो मला स्वतःला आदल्या आठवड्यात कळला होता. पण दर दोन महिन्यांनी त्यांच्या कागदावर दोन घरं रिकामी असायची. मी रेघ मारायचे आणि पुढचं पाकीट उघडायचे. अशी पाच वर्षं मारली.

मग एकदा रेघ मारता मारता हात थांबला. रिकामी घरं दर वेळी एकाच शब्दातली होती. उभे शब्द भरताना जी अक्षरं आपोआप येतात, 'नि' आणि 'त', ती जागेवर. 'पा' आणि 'प' कोरे. ज्या माणसाला राक्षसभुवन येतं त्याला पानिपत येत नाही? जबलपूरच्या मराठी माणसाला? इथे तर प्रत्येक दुसऱ्या घरात कोणाचा तरी पूर्वज तिथे पडलेला असतो.

फोन करणं मला शक्य नव्हतं. मी छापखान्याच्या नंबरावरून पाकिटावरच्या नंबरला मेसेज केला. 'आपण अमुक शब्द दर वेळी रिकामा का ठेवता? कृपया कळवावे.' खाली लिहिलं, 'ऋचा, कार्यालय'.

उत्तरादाखल अकरा व्हॉइस मेसेज आले.

"हां ऋचा बेटा, मी मंगला बोलून राहिली. अरे भैया, मक्का का बीज उधर है, उधर! हां, तर तुमच्या त्या कोडेवाल्या काकांना सांगशील, आम्हाला येते. अप्पांना, माझ्या वडलांना, तर खूण अर्धी वाचली की येते. पण आमच्या घरी तो शब्द लिहीत नाही. बोलत पण नाही. आम्ही 'ते गाव' म्हणतो."

दुसरा: "इथले सगळे सांगतात नं, आमचे पूर्वज तिथे पडले, पडले. आमचा पडला नाही, बापा. परत आला! तीच तर भानगड. घरातून सात गेले, हा सगळ्यात लहान, एकटा आला. कोणी त्या गावाचं नाव घेतलं की भरल्या ताटावरून उठून जायचा. तर त्याच्या आईने सांगितलं, या घरात आता ते नाव नाही. बस. आता आई गेली, तो गेला, आठ-नऊ पिढ्या गेल्या. नियम आहे."

चौथ्यात त्यांना हसू आवरत नव्हतं. "थंडीत सायकलवर कंबलवाला येते नं, 'पानी...' तेच ते, ओरडत येते. अप्पा म्हणतात, कंबल चांगला आहे, घ्या, नावाची चिठ्ठी कापून टाका. आमच्या घरी सहा कंबल आहेत, एकालाही चिठ्ठी नाही. अन् माझ्या चुलतभावाला तिथेच नोकरी लागली! तीन वर्षं घरी सांगत होता, दिल्लीच्या थोडं पुढे."

सातव्यात मी मध्येच मेसेज करून विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. दोन अक्षरं मग कशी चालतात? "ती 'नि' निवडुंगाची आहे, बेटा. त्या गावाची नाही. अप्पांनी तसा निकाल दिला."

अकरावा छोटा होता, मागे दुकानाचा आवाज नव्हता. "अप्पा तीस वर्षांपासून कोडं सोडवून राहिले. आता दिसत नाही, मी वाचते, ते सांगतात, मी लिहिते. त्यांना एकदा, फक्त एकदा, वर्षाचा कोडेवीर म्हणून छापून यायचं आहे. ते बोलत नाहीत. पण अंक आला की मला आधी शेवटचं पान वाचायला लावतात. नियम आहे तर आहे, काकांना काही म्हणू नको हं. चलो, ठेवते."

मी लाल पेन टेबलाच्या दराजात टाकलं. पाच वर्षांची बरोबर उत्तरं मी कापली होती, आणि ते दर पंधरा दिवसांनी पुन्हा तिकीट लावून मला पाकीट पाठवत होते.

नियम बदलायचा तर काकांशी बोलायला हवं होतं, कारण सांगायला हवं होतं, मंगलाताईंनी मला विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत न्यावं लागलं असतं. मी सोपा मार्ग काढला. कोणालाही काही न सांगता पानिपत टाकणं बंद केलं.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वेडं वर्ष. जाळी अडली की हात सवयीने 'पा'कडे जायचा आणि मी तो मागे ओढायचे. उदगीर टाकलं. वडगाव टाकलं. राक्षसभुवन आडवं टाकलं, उभं टाकलं. आणि तिसऱ्या महिन्यात पत्रं सुरू झाली. 'कोडेकारांची तब्येत बरी आहे ना?' 'पानिपतशिवाय कोडं म्हणजे मिठाशिवाय वरण.' 'पानिपतवर बंदी आली आहे का? आल्यास निषेध.' एका बाईंनी लिहिलं की त्यांचे यजमान दर अंकात आधी पानिपत शोधतात, सापडलं नाही की दिवसभर चिडचिड करतात, तरी कृपया एक टाकावे. जे लोक चक्कीवर नावं ठेवत होते ते आता वर्गणी बंद करायची धमकी देत होते! मी पत्रं वाचून टेबलाखाली डोकं घालून हसायचे आणि काका वरून विचारायचे, "काही सांडलं काय?"

वर्षअखेरीला हिशेब सरळ होता. चोवीस कोड्यांत जास्तीत जास्त अचूक प्रवेशिका पाठवणारे तिघं अंतिम फेरीत. मंगला आणि अप्पा, चोवीस पैकी चोवीस. दुसरे घमापुरचे नाईक सर, निवृत्त गणित शिक्षक, तीन वर्षांचे सलग कोडेवीर, स्वतःचा खोडरबर डबीत घेऊन फिरणारे. तिसरे एक डॉक्टर.

अंतिम फेरी मराठी समाजाच्या हॉलमध्ये होते, दिवाळीआधीच्या रविवारी दुपारी. स्टेजवर भिंतीएवढ्या फ्लेक्सवर महाकोडं, टेबलावर कोडेवीराचा कप, स्पर्धकांना तेच कागदावर, एक तास. मी ते महाकोडं महिनाभर आधी करून ठेवलं होतं. आणि नेमकी शेवटच्या आठवड्यात तापाने आडवी झाले. छपाईचं काम काकांनी केलं.

रविवारी मी शाल गुंडाळून हॉलवर पोचले आणि फ्लेक्स बघितला. जाळी माझीच होती, पण टाकून दिलेली, दोन वर्षांपूर्वीची. सात आडवा: 'इथे काय झालं ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही (४)'.

"काका," मी म्हटलं, "हे ते नाही."

"माहीत आहे!" काका खूश होऊन म्हणाले. "तुझ्या फोल्डरमध्ये दोन होती. नव्यात पानिपतच नाही! लोकांची एवढी पत्रं आली, म्हटलं वर्षाचा शेवट तरी गोड करू."

"काका, एक मिनिट, मला..."

"तुझा आवाज बसला आहे. गरम पाणी पी." आणि ते माइककडे गेले.

आवाज बसलेला नव्हता. तो तसाच असतो.

घंटा वाजली. मला काम होतं उत्तराचा कागद घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि चहाकडे बघायचं. मंगलाताई मी प्रथमच पाहिल्या. मोठं कुंकू, मोठा आवाज दाबून केलेली कुजबुज. अप्पा शेजारी ताठ बसलेले, पांढरा सदरा, हात मांडीवर. त्या कानाशी खूण वाचत, ते ओठ हलवत, त्या लिहीत. कधी कधी त्या अर्धीच खूण वाचून लिहायला लागत. सात आडव्यापाशी त्यांनी वाचलं, थांबल्या आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान हलवली. त्या आठ आडव्याकडे गेल्या. डॉक्टरांना दवाखान्यातून फोन आला आणि ते चिवड्याची बशी घेऊनच निघून गेले.

चाळिसाव्या मिनिटाला मंगलाताई ओरडल्या, "झालं!" सात मिनिटांनी नाईक सरांनी खोडरबर डबीत ठेवला आणि हात वर केला.

काकांनी दोन्ही कागद माझ्याकडून तपासून घेतले, पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. "मझौलीची प्रवेशिका प्रथम आली आहे," ते माइकवर म्हणाले, "पण सात आडव्यात दोन घरं रिकामी आहेत. नियमाप्रमाणे..."

मंगलाताई उभ्या राहिल्या. "काका, ती रिकामीच राहतील. उत्तर येत नाही म्हणून नाही. आमच्या घरची रीत आहे, त्या गावाचं नाव लिहायचं नाही. आमचा एक तिथून परत आला, तेव्हापासून."

हॉलमध्ये जो गलका झाला तो मी विसरणार नाही.

"आमचेही पूर्वज तिथे पडले, पण आम्ही लिहितो!"

"तुमचे पडले, म्हणून लिहिता! परत आले असते तर कळलं असतं!"

"रीत घरी," नाईक सर उठून म्हणाले. "उद्या मी म्हणेन आमच्या घरी ळ लिहीत नाहीत. मग काय माझे सगळे ळ माफ?"

"तुम्ही तीन वर्षं जिंकून राहिले सर, आता एखादा ळ सोडा!"

मागून कोणी तरी सुचवलं, "शब्दच रद्द करा. दोघांनाही नको." काकांना एकदम सुटल्यासारखं झालं. "चलो, हे बरं. सात आडवा रद्द!" त्यांनी काळा मार्कर घेतला आणि फ्लेक्सवर पहिल्या घराशी नेला.

"थांबा."

अप्पा उभे राहिले होते. खुर्चीची पाठ धरून. आवाज मोठा नव्हता, पण काकांनी मार्कर मागे घेतला.

"काळं करू नका ते. शब्द तिथे आहे, असू द्या. आमच्या घरात तो आहेच, म्हणून तर लिहीत नाही. तो पुसून मला कप द्यायचा असेल तर नको. नाईकांना द्या." आणि ते खाली बसले. मंगलाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मान वळवून खिडकीकडे पाहिलं. तीस वर्षांपासून हवं होतं ते त्यांनी इतक्या सरळ परत केलं की नाईक सरही खाली बसले. डबी उघडायची, बंद करायची, एवढंच करत राहिले.

काकांच्या एका हातात मार्कर, दुसऱ्या हातात माइक. "आता मी काय करू?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "मी कोडं केलं आहे काय? हिला विचारा! आठ वर्षं हीच करून राहिली!"

आणि मार्कर माझ्याकडे रोखला.

दीडशे डोकी वळली. कोणी तरी म्हणालं, "ही? ही तर चहा वाटून राहिली होती!" एक आजोबा पुढे वाकून मला नीट बघायला लागले. मंगलाताईंचं तोंड उघडंच राहिलं, मग त्या पुटपुटल्या, "अगं बाई, ऋचा कार्यालय!" काकांनी माइक माझ्या हातात कोंबला. माझे कान इतके गरम झाले की ताप परत आला असं वाटलं, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, मला हसू फुटत होतं.

दोन्ही कागद समोर होते. नाईक सरांची चारही अक्षरं सुरेख, एका दमात लिहिलेली. त्यांनी क्षणभरही विचार केला नसणार. मीही कधी केला नव्हता. दुसऱ्या कागदावर निवडुंगाची 'नि', तराफ्यातला 'त', आणि त्यांच्या शेजारची दोन कोरी घरं. पेन्सिलीची खूण नाही, खोडलेलं नाही, शाईचा डाग नाही. सगळ्या जाळीत हिरव्या शाईची गर्दी आणि ती दोनच घरं झाडून पुसून ठेवल्यासारखी. त्या जागी काय आहे ते हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होतं. नियम माझा होता. घर भरलं आहे की नाही हे ठरवायचं कामही माझंच होतं.

माइक एकदा किंचाळला. मी तो तोंडापासून थोडा लांब धरला आणि म्हटलं,

"नाईक सरांचं उत्तर बरोबर आहे. अप्पांचंही बरोबर आहे. अप्पांचं सात मिनिटं आधी आलं."